कांदा नाही, लसूण नाही, मग भीती कसली

रनाळे, ६ जुलै

काजल पोरी,

तू म्हणालीस, आजी, त्या डोंगरात फोन लागत नाही, पत्र पाठव. आता जिला अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग वाटते, तिने पत्र कसं पाठवावं? शेवटी शेजारची मुस्कान धरून आणली. मी बोलते, ती लिहिते. मी अहिराणीत बोलते आणि ती शाळेतल्या मराठीत उतरवते, तेव्हा पत्र माझ्यापेक्षा शहाणं वाटलं तर घाबरू नकोस. आत मीच आहे.

तुझी बुंदी माझ्याकडे रुळली. तुमच्या आश्रमशाळेपाशी बिबट्या फिरतो, कुत्री उचलतो, म्हणून तिला माझ्या दारात सोडून गेलीस. पटलं मला. पण ही बिबट्याने उचलली असती असं काही वाटत नाही. त्याच्याच पाठीत उसण भरली असती.

जाताना तू रतिलाल भाऊजींना सांगून गेलीस म्हणे, तिला काय द्यायचं आणि काय नाही. मी विचारलं तर म्हणाले, "लेखी नव्हतं." तहसील कचेरीतून सुटून किती वर्षं झाली, पण माझ्या या दिराला तोंडी सांगितलेलं अजून ऐकू येत नाही. मग मी माझ्या मनाने देते. काल शेवभाजीचा रस्सा कळण्याच्या भाकरीत कुस्करून दिला. ताट असं चाटलं की मला घासावं लागलं नाही. परवा भरीत केलं होतं, कांद्याची पात आणि लसूण सढळ हाताने. त्यातलंही तिने हक्काने घेतलं.

संध्याकाळी बाईसाहेब भिंतीपलीकडे जातात, मुस्कानच्या सासूकडे, धापूबाईंकडे. जैनांचं घर, दिवस बुडायच्या आत चूल विझते. तिथे जेवून ही दिवेलागणीला माझ्याकडे येते आणि सकाळपासून अन्नाचं दर्शन झालं नाही असं तोंड करते. मी म्हटलं, "हाई कुत्री शे का लग्नाची वऱ्हाडीण?"

मला जनावराचा लळा नाही, तुला ठाऊकच आहे. (काल तिला खाटेवर उशाशी घेतलं होतं. — मुस्कान) ही मुस्कान मध्येच काय खरडते? विचारलं तर म्हणते स्वल्पविराम.

तुझी आजी,
कमलबाई

•

आश्रमशाळा, धडगाव तालुका
१९ जुलै

आजी,

तुझ्या पायांवर डोकं, पण आधी माझं ऐक. भरीत बंद! शेवभाजी बंद! मुस्कानवहिनी, हे हळूहळू वाचा आणि आजीला हो म्हणायला लावा.

कांदा आणि लसूण कुत्र्याला विष आहे. कच्चा, शिजलेला, वाळवलेला, मसाल्यातला, रश्शातला, कसाही. त्याने तिचं रक्त आतून फुटतं. लगेच काही दिसत नाही. चार-पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात आणि कुत्रं उठत नाही. तिच्या हिरड्या रोज बघ, गुलाबी हव्यात.

द्राक्षं आणि मनुका त्याहून वाईट. मूठभर मनुकांनी किडनी बंद पडू शकते, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील हे डॉक्टरसुद्धा सांगू शकत नाहीत. चॉकलेटने काळीज धडधडून जातं. चहा-कॉफी नको. बिनसाखरेचं च्युइंगगम तर अजिबात नको, एका गोळीने अंगातली साखर उतरते. भाकरी, भात, उकडलेलं अंडं, गाजर, दही, हे सगळं चालेल.

आता शेवटचं, आणि हे मी चेष्टेत लिहीत नाही. माझ्याबरोबर चेतना मॅडम शिकवतात. त्यांच्या भावाचं नाशिकला मोठं अंगण आहे, त्याला कुत्री पाळायची सवय आहे आणि तो बुंदीला घ्यायला तयार आहे. तुझ्याकडे ती खाण्यामुळे आजारी पडली, तर मी तिला तिकडे देईन. माझं काळीज तुटेल, पण देईन.

काजल

ता.क. पत्रं जीपने तळोद्याला जातात आणि तिथून टपालात पडतात. उशीर झाला तर रागावू नकोस.

•

रनाळे, २ ऑगस्ट

काजल पोरी,

तुझ्या पत्राने गल्लीत दिवाळी झाली!

मुस्कान वाचत होती, धापूबाई तांदूळ निवडत होत्या. "कांदा आणि लसूण कुत्र्याला विष आहे" एवढं ऐकलं आणि धापूबाईंनी सूप खाली ठेवलं. "परत वाच!" मुस्कानने परत वाचलं. "अजून एकदा!" मग त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "कमलबाई, जन्मभर तुम्ही मला हसलात ना? बिनकांद्याची भाजी म्हणजे आजाऱ्याचं जेवण म्हणालात ना? बघा, कुत्रीला कळलं, तुम्हाला नाही!" आणि तशाच गल्लीत गेल्या, दारोदार सांगायला. बाकीचं पत्र मुस्कानने मला एकटीला वाचून दाखवलं. हिरड्या पाहिल्या, गुलाबी आहेत. तिने माझ्या पाहिल्या नाहीत हे बरं.

मी तुझ्या शब्दाबाहेर नाही. घरातून कांदा काढला, लसूण काढला, काळा मसाला काढला. तू म्हणशील, आजी, तिला देऊ नको म्हटलं होतं, तुम्ही खाऊ नका असं कुठे म्हटलं? अगं, कोणी समोर बसून तोंडाकडे बघत असताना एकटीने घास गिळायचा, असं माझ्या आईने मला शिकवलं नाही. ती बघते, मी देते. तेव्हा माझ्याच ताटात विष नको. हिशेब सरळ आहे.

रतिलाल भाऊजींचे मात्र हाल आहेत. बिनकांद्याची शेवभाजी पाहून त्यांनी हात जोडले, जेवायला नाही, निरोपाचे. आता दर चार दिवसांनी त्यांचं विसरवाडीला काम निघतं. हायवेवरच्या ढाब्यावर कसलं सरकारी काम असतं देव जाणे, पण परत येतात तेव्हा तोंडाला कांद्याचा वास असतो आणि चेहऱ्यावर समाधान.

मनुकांचंही मिटवलं. भाऊजी पोट साफ व्हावं म्हणून रोज सकाळी भिजवलेल्या खायचे. डबाभर होत्या. म्हटलं, एरंडेल प्या. डबा उचलला आणि भिंतीवरून धापूबाईंना देऊन टाकला. आता माझ्या घरात एक मनुका सापडली तर नाव बदलेन.

आणि बुंदीचं संध्याकाळचं जेवण धापूबाईंकडेच चालू ठेवलंय. तिथे कांदा नाही, लसूण नाही, मग भीती कसली? तुझ्या त्या नाशिकवाल्याला सांग, अंगण झाडत बसू दे.

मला काय, ती गेली तरी चालेल. (पत्रातलं नाशिक ऐकल्यापासून आजी दोनदा विचारून गेल्या, तिथली माणसं कशी असतात म्हणून. — मु.) किती स्वल्पविराम लागतात तुमच्या मराठीला!

आजी

•

आश्रमशाळा, १४ ऑगस्ट

आजी! मुस्कानवहिनी!

मनुका धापूबाईंकडे दिल्यात आणि बुंदी रोज जेवते कुठे? धापूबाईंकडेच! पत्रातलं मनुकांचं त्यांनी ऐकलंच नाही, त्या तर कांद्यावरच उठून गेल्या! आत्ता, वाचतावाचता उठा आणि भिंतीपलीकडे जाऊन सांगा.

पावसाने घाटात दरड कोसळली आहे. जीप कधी सुटेल माहीत नाही. सुकराम ड्रायव्हर म्हणतो, पत्र दे, माझ्या खिशात ठेवतो, रस्ता मोकळा झाला की पहिलं तेच. आता मी रोज त्याच्या खिशाकडे बघत बसेन.

काजल

•

रनाळे, दि. १ सप्टेंबर

प्रति,
कु. काजल, शिक्षिका

विषय : बुंदी नामक कुत्री सुखरूप असल्याबाबत.
संदर्भ : आपले दि. १४ ऑगस्टचे पत्र, काल सायंकाळी प्राप्त.

महोदया (नात्याने नात, लेखनापुरती महोदया),

उपरोक्त विषयान्वये, कमलबाई वहिनींच्या तोंडी आदेशावरून कळविण्यात येते की सदर कुत्री सुखरूप आहे. वहिनींनी एवढेच लिहावयास सांगितले आहे. तथापि, सुखरूप आहे असे कळविताना मधल्या काळात ती सुखरूप नव्हती, हे दडविणे निम्नस्वाक्षरीकारास शोभणारे नाही.

पर्युषणात धापूबाई यांनी आठ दिवस केवळ पाण्यावर उपवास केला. त्या काळात त्यांचे ताटच वाढले जात नसल्याने सदर कुत्रीस संध्याकाळचे जेवण मिळाले नाही. तरीही ती रोज नेमाने जाऊन त्यांच्या पायाशी बसत असे. धापूबाईंचा समज असा झाला की कुत्रीनेही उपवास धरला आहे. (वस्तुतः ती घरी येऊन दुप्पट जेवत होती.) पारण्याच्या सकाळी, स्वतःच्या तोंडात घास घालण्यापूर्वी, "आधी माझ्या सोबतिणीचं पारणं" असे म्हणून त्यांनी भिजवलेल्या मनुका ओंजळीने तिच्यापुढे धरल्या. सदर मनुका म्हणजे पूर्वी माझ्या पोटासाठी असलेल्या व वहिनींनी परस्पर हस्तांतरित केलेल्याच होत.

वहिनी भिंतीवरून पारण्याची चौकशी करीत असता त्यांनी हे पाहिले. त्यांनी जी आरोळी ठोकली ती बस स्टँडपर्यंत गेल्याचे समजते. धापूबाईंचे चिरंजीव महावीर यांनी दुकानाची गाडी काढली. मागे वहिनी, त्यांच्या मांडीवर कुत्री, शेजारी आठ दिवसांच्या उपाशी धापूबाई, अशा अवस्थेत मंडळी नंदुरबारास डॉक्टरांकडे पोहोचली. डॉक्टरांनी तात्काळ उलटीचे इंजेक्शन दिले. मनुका बाहेर आल्या. सलाईन लावले, दोन दिवस ठेवून घेतले, रक्त तपासले. किडनी शाबूत आहे. लगेच आणल्यामुळे निभावले, असे ते म्हणाले. धापूबाईंनी पारणे दवाखान्याच्या बाकावर, सलाईन लागल्यानंतर, पाण्याने केले.

तेव्हापासून धापूबाई दार लावून घरात आहेत. कोणाशी बोलत नाहीत. मुस्कान सुनबाई त्यांच्यापाशीच असल्याने लेखनाचा कार्यभार माझ्याकडे आला आहे.

वहिनी आत्ता विचारत आहेत, "एवढं लांब काय लिही ऱ्हायना?" नमस्कार लिहितो आहे, असे उत्तर दिले. हे सर्व आपणास कळवू नये, कळल्यास कुत्री नाशिकला जाईल, असे वहिनींचे म्हणणे असून तेही माहितीसाठी सोबत कळवीत आहे.

विसरवाडी येथील दौऱ्यांबाबतचा खुलासा स्वतंत्रपणे सादर करीन.

आपला,
रतिलाल

•

आश्रमशाळा, १२ सप्टेंबर

आजी,

रतिआबांचं पत्र मिळालं. त्यांना रागावू नकोस. तू "सगळं ठीक" असं लिहायला सांगितलंस आणि त्यांनी खरं लिहिलं.

तू लपवलंस म्हणून मी चिडले आहे. मनुका खाल्ल्या म्हणून नाही. लपवलंस म्हणून. उद्या आणखी काही झालं तर मला कोण सांगणार? ती नाशिकला असली तर निदान चेतना मॅडमचा भाऊ खरं तरी लिहील.

दिवाळीच्या सुट्टीत मी येते आणि तिला घेऊन जाते. चेतना मॅडमच्या भावाला तसं कळवते आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. तुला जनावरांचा लळा नाही, तूच म्हणतेस.

काजल

•

रनाळे, २७ सप्टेंबर

काजल पोरी,

हे पत्र पुन्हा मुस्कानच्या हातचं आहे. भाऊजींच्या हाती पेन देणं म्हणजे चोराने आपणच साक्षीदाराला चौकीत नेण्यासारखं. त्यांचं पत्र मी नंतर मुस्कानकडून शब्दन्शब्द ऐकलं. "परस्पर हस्तांतरित"! मी मनुका दिल्या, शेत नाही विकलं.

बरं. लपवलं मी. का लपवलं ते सांगते, आणि मुस्कान, तू आज एकही स्वल्पविराम घालू नको.

मला ती हवी आहे. झालं समाधान? सकाळी मी उठते तेव्हा ती आधी शेपटीने खाट बडवते आणि मग डोळे उघडते. माझं बोलणं इतक्या वर्षांत असं कुणी ऐकलं नाही, मान तिरकी करून, मध्ये न बोलता. तुझे आजोबासुद्धा अर्ध्यात घोरायचे. नाशिकला तिच्याशी अहिराणीत कोण बोलणार?

आता धापूबाईंचं ऐक. रोज दिवस बुडायच्या आधी बुंदी भिंत ओलांडून जायची आणि त्यांच्या बंद दारासमोर बसायची. दार उघडायचं नाही. ही हलायची नाही. मला बघवेना. शेवटी मीच गेले आणि दार बडवलं.

"धापूबाई, उघडा! पाहुणी ताटकळली शे."

आतून म्हणाल्या, "मी जीव घेतला असता, कमलबाई. मी, जी मुंगी बघून पाऊल टाकते. तोंड नाही दाखवणार."

"ते पाप तुम्ही एकट्या नेऊ नका, मनुका माझ्या होत्या. निम्मं माझं आहे. त्यातही चांगलं निम्मं मी घेणार."

"पापात चांगलं निम्मं कोणतं?"

"तुम्ही दिल्या जीव लावून. मी दिल्या घरातली अडगळ म्हणून. बघा, माझंच मोठं."

आत जरा हसल्यासारखं झालं. मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं, आमच्या घरात कांदा नाही लसूण नाही, म्हणजे आमच्याकडे वाईट काही नसतंच."

"तेच तर मलाही वाटलं." (आणि मलाही. मनुकांचं ते वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं होतं, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आपल्या घरचं म्हणजे शुद्धच, अशी सवय. हा स्वल्पविराम नाही, आजी. — मुस्कान)

दार काही उघडलं नाही. पण त्या दिवशी मी घरी येऊन डोकं लढवलं. तुझी पत्रं तुला वाचता येतात, मुस्कानला येतात. मला येत नाहीत, धापूबाई अर्धीच ऐकतात, आणि बुंदीला लाड करून खायला घालणारी निम्मी गल्ली पत्र बघतसुद्धा नाही. मग मी एक जाड दोरा घेतला. त्यात कांदा ओवला, लसणाचा गड्डा ओवला. प्लास्टिकच्या पिशवीत मनुका बांधल्या. द्राक्षांचा हंगाम नाही, म्हणून माझ्या जुन्या माळेतले हिरवे मणी घेतले. चॉकलेटचा कागद, च्युइंगगमचं पाकीट, चहाची पुडी. भाऊजींनी शिडी लावून माळ दाराच्या चौकटीवर टांगली, बुंदीने मागच्या पायांवर उभं राहून जीभ काढली तरी पोहोचणार नाही इतकी उंच. जो येईल त्याला सांगायचं, "वर बघ. यातलं काही हातात असेल तर खिशात घाल. मग आत ये." आपली ही पाटी वाचायला कोणाला शाळेत जावं लागत नाही.

मग काय झालं, ऐक! समोरच्या जसोदाबाईंना वाटलं, मी नजर लागू नये म्हणून काहीतरी नवीन टांगलंय. त्यांनी दुसऱ्या दिवशी गोठ्यावर तशीच माळ टांगली. आता म्हणतात म्हैस जास्त दूध देते. मी सांगितलं, अहो हे कुत्रीसाठी आहे. त्या म्हणाल्या, "असू द्या, म्हशीला लागू पडलं." आज गल्लीत दर दुसऱ्या दारावर मनुका लटकल्या आहेत. भाऊजी म्हणतात, याला शासनमान्यता नाही. मुस्कानच्या दुकानात च्युइंगगमचा खप वाढलाय, खायला कोणी नेत नाही.

आणि काल सकाळी.

मी दार झाडत होते. पलीकडचं दार उघडलं. धापूबाई बाहेर आल्या, हातात सांडशी, सांडशीत कांदा. जन्मात ज्या बाईने कांद्याला बोट लावलं नाही, ती बाई त्याला जिवंत इंगळासारखा धरून, तोंड वळवून, डोळे मिटून उभी! मागे मुस्कान लसणाचा गड्डा दोऱ्याला धरून, आणि महावीर स्टुलावर चढलेला, चेहऱ्यावर असा भाव की आई आता घरात पापड नाही, बॉम्ब लाटणार आहे.

"धापूबाई! तुमच्या दारावर कांदा?"

"उंबऱ्याच्या बाहेर आहे," त्या म्हणाल्या, डोळे मिटूनच. "आत नाही. बाहेरच्यावर माझा नेम नाही. महावीर, उंच बांध. अजून उंच. मनुका पण बांध. ज्या मी दिल्या त्याच."

समाजातल्या दोन बायका तिथून जात होत्या, त्या थबकल्याच. पावलं थांबलेली ऐकून धापूबाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "काय बघता? ही शिकवण आहे, भाजी नाही."

मग डोळे उघडले. बुंदी खाली बसली होती, वर बघत. धापूबाईंनी तिला ताकभाताचा वाडगा दिला आणि तिथेच पायरीवर बसून तिच्या मानेला मिठी मारली. मी झाडू टाकून अंगण ओलांडून गेले. काय करणार, झाडायला काही उरलंच नव्हतं.

आता तू दिवाळीला ये. बघ, हिरड्या तपास, डॉक्टरांचे कागद भाऊजींनी नीट लावून ठेवलेत, त्यांना एकदा तरी काही लावायला मिळालं. मग तुला वाटेल ते कर. मी अडवणार नाही. फक्त एक. लपवणार नाही असा शब्द देते, आणि काही झालं की माझं पत्र वेगळं आणि भाऊजींचं वेगळं येईल. माझ्या पत्रात मी कशी आहे ते कळेल, त्यांच्यात कुत्री कशी आहे ते.

तुझी,
कमलबाई

•

आश्रमशाळा, ८ ऑक्टोबर

आजी,

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. सांडशीपाशी सगळ्यांचा चहा सांडला. मुख्याध्यापक म्हणाले, हीच माळ शाळेच्या स्वयंपाकघरावर टांगू, पोरं कुत्र्यांना काहीही टाकतात.

फक्त चेतना मॅडम हसत नव्हत्या. म्हणाल्या, "काजल, माझ्या भावाने बुंदीसाठी घर आणलंय, लाकडाचं, कौलारू. पट्टा आणलाय. नावाची पाटीसुद्धा लावली. आता मी त्याला काय सांगू?"

मी विचारलं, "मॅडम, तुमच्या भावाच्या शेजारी कोण राहतं?"

त्या म्हणाल्या, "कोण जाणे. दार बंदच असतं."

"मग त्यांच्या दारावर कोणी कांदा टांगला नसेल."

"नाशिकला? शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी?" त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनीच माझ्या हातातलं पेन घेऊन भावाला पत्र लिहायला सुरुवात केली, की पाटीवरचं नाव बदल.

दिवाळीला येते, आजी. आणि जाताना एकटीच परत जाईन.

काजल